आजींचा आवाज आणि टेबलावरची डबी

समजा, बंगळूरच्या जयनगरात एक मराठी घर आहे. घरातल्या आजींनी ऐंशी ओलांडली आहे. चार पिढ्या कर्नाटकात गेल्यामुळे त्यांच्या मराठीला कानडीचा हेल आला आहे. ही बोली कोणत्याही पुस्तकात सापडायची नाही. जात्यावरच्या ओव्या, माहेरच्या आठवणी, लग्नातल्या फजितीचे किस्से असे सारे त्यांना तोंडपाठ आहे. नातवाने ठरवले, दर रविवारी आजींना बोलते करायचे आणि त्याचा पॉडकास्ट करून पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या नातेवाइकांना ऐकवायचा. सणावारी थेट प्रक्षेपणही करायचे.

पहिला भाग मोबाइलवरच मुद्रित केला. ऐकायला बसले, तर आजींपेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू येत होत्या. मित्र म्हणाला, ‘ऑडिओ इंटरफेस घे.’ नातू टाउन हॉलजवळच्या एस. पी. रोडवर गेला. तिथे काउंटरवर तळहाताएवढ्या, दिसायला सारख्याच डब्यांची रांग लागलेली. यातली कोणती घ्यायची?

आज असा प्रश्न अनेक घरांत पडतो. घाईघाईत चुकीची वस्तू घेतली, तर पैसे तर जातातच. पण आजींनी रंगून सांगितलेली गोष्ट पुन्हा तशीच सांगितली जाईल, याची खात्री कोण देणार?

घरातून प्रक्षेपण करण्याची हौस या भागाला नवी नाही. बंगळूरहून जवळच असलेल्या मैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले होते. त्याचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे हेच नाव देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. त्या काळी अशा केंद्रासाठी लागणारी सामग्री जमवणे हे मोठेच काम होते. आज लॅपटॉप, माइक आणि एक डबी एवढ्यावर काम भागते. मात्र, डबी निवडताना थोडा विचार हवा.

ही डबी करते काय?

माइकमधून येणारा विजेचा संकेत अतिशय क्षीण असतो. डबी तो आधी मोठा करते, मग आकड्यांत बदलून यूएसबी वायरीने संगणकाकडे पाठवते. संगणकाकडून आलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून तो हेडफोनमध्ये सोडते. मुख्य काम एवढेच. ती आवाज गोड करत नाही, की खोलीतला गोंगाट पुसून टाकत नाही. ‘डबी आणली की सगळे रेडिओसारखे ऐकू येईल’ हा समज सर्वांत आधी काढून टाकावा.

बोलणारी माणसे किती?

दुकानात जाण्यापूर्वी हा हिशेब घरीच करावा. एकटीच व्यक्ती बोलणार असेल, तर कदाचित डबीची गरजच नाही. थेट यूएसबीने जोडता येणारा चांगला माइक पुरेसा असतो. काही माइक, उदाहरणार्थ शुअर कंपनीचा एमव्ही-७, यूएसबीनेही चालतात आणि तीन टाचण्यांच्या एक्सएलआर वायरीनेही चालतात. आज तो सरळ लॅपटॉपला लावावा, पुढे गरज पडली तर डबीला.

पण आजी आणि नातू असे दोघे बोलणार असतील, तर माइकच्या दोन जागा असलेली डबी घ्यावी. दोघांचा आवाज वेगवेगळ्या पट्टीवर मुद्रित होतो. आजींचा आवाज हळू आणि नातवाचा दणदणीत असला, तरी मागाहून दोन्ही सारखे करता येतात. येथे एक फसगत होते. काही डब्यांवर दोन भोके दिसतात, पण त्यातले एकच माइकचे असते आणि दुसरे गिटारसारख्या वाद्याचे. फोकसराइटची ‘स्कारलेट सोलो’ या प्रकारातली आहे, तर तिचीच बहीण ‘टू-आय-टू’ दोन माइक घेते.

तीन-चार माणसांच्या गप्पा असतील, तर झूमच्या ‘पॉडट्रॅक पी-४’ सारखे यंत्र पाहावे. त्यात चार माइक आणि चार हेडफोन लागतात. ते संगणकाशिवाय मेमरी कार्डावर मुद्रण करते आणि दोन पेन्सिल सेलवरही चालते. मुद्रण ऐन रंगात असताना वीज गेली, तर सेलचे महत्त्व कळते.

माइक आणि डबीची जोडी जमते का?

लग्नाप्रमाणे येथेही दोन्हीकडची पत्रिका पाहावी लागते. संकेत किती मोठा करता येतो, हे डेसिबलमध्ये सांगतात आणि त्याला गेन म्हणतात. पॉडकास्टच्या छायाचित्रांत दिसणारा शुअरचा प्रसिद्ध एसएम-७बी हा माइक फारच हळू आवाज देतो. त्याला निदान ६० डेसिबल गेन लागतो. चौथ्या पिढीच्या स्कारलेट सोलोत ५७ डेसिबलच मिळतो, तर त्याच पिढीच्या टू-आय-टूमध्ये ६९. म्हणजे महागडा माइक सोलोला जोडला, तर बटण शेवटपर्यंत फिरवूनही हळू बोलणाऱ्या आजींचा आवाज कमीच पडणार. म्हणून माइक आधी ठरवावा, डबी नंतर.

माइकचे ढोबळ दोन प्रकार आहेत. कंडेन्सर माइक बारीकसारीक आवाजही टिपतो. त्याला डबीकडून ४८ व्होल्टची वीज लागते, तिला फँटम पॉवर म्हणतात. डायनॅमिक माइकला ही वीज लागत नाही आणि तो जवळचा आवाज अधिक घेतो. चकचकीत फरशी, उघड्या भिंती आणि खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न अशा फ्लॅटमध्ये डायनॅमिक माइकच सोयीचा पडतो.

स्वतःचा आवाज लगेच ऐकू यावा

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिराने आला, तर बोलणारा अडखळतो. वयस्कर माणूस तर गोंधळून बोलणेच थांबवतो. हा उशीर आवाज संगणकात जाऊन परत येण्यामुळे होतो. डबीतल्या ‘डायरेक्ट मॉनिटर’ सोयीने माइकचा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो. ही सोय असलेलीच डबी घ्यावी. हेडफोनचे बटण वेगळे असावे, म्हणजे ऐकण्याचा आवाज कमी-जास्त केला तरी मुद्रणात फरक पडत नाही.

लूपबॅकची खरेच गरज आहे?

संगणकावर वाजणारे गाणे किंवा पाहुण्याचा आवाज माइकच्या आवाजात मिसळून पुढे पाठवण्याच्या सोयीला लूपबॅक म्हणतात. दुकानदार तिचे फार कौतुक करतात. पण विंडोज संगणकावर ओबीएस या विनामूल्य प्रणालीतून प्रक्षेपण करणार असाल, तर ती प्रणाली संगणकाचा आवाज स्वतःच घेते. व्हिडिओ कॉलवर समोरच्याला गाणे ऐकवायचे असेल, किंवा फोनवरूनच थेट प्रक्षेपण करायचे असेल, तेव्हा लूपबॅक कामी येते. मात्र, कॉल चालू असताना ती नीट लावली नाही, तर पाहुण्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

जुनी डबी स्वस्तात मिळत असेल, तर पिढी विचारून घ्यावी. २०१९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या सोलो आणि टू-आय-टूमध्ये लूपबॅक नव्हती, २०२३ च्या चौथ्या पिढीत ती आहे. ऑडिएंटच्या ‘इव्हो-४’ मध्ये लूपबॅक तर आहेच, शिवाय बटण दाबून थोडे बोलले की गेन आपोआप ठरतो. तांत्रिक गोष्टींची धास्ती वाटणाऱ्यांना ही सोय बरी.

मोठ्या आकड्यांना भुलू नये

खोक्यावर ‘१९२ किलोहर्ट्झ’ असे ठळक छापलेले असते. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ४८ किलोहर्ट्झवर केलेले मुद्रण २४ पर्यंतचे सारे टिपते. बोलण्यासाठी आणि व्हिडिओसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसे आहे. दोन माइकचा असा आवाज सेकंदाला सुमारे २३ लाख बिट घेतो. जुन्या यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट आहे. म्हणजे ‘वेगवान यूएसबी’साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुकानात काय तपासावे?

स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन सोबत न्यावेत. फोनवर वापरायचे असेल तर फोन जोडून पाहावा, कारण काही फोन डबीला पुरेशी वीज देत नाहीत. माइक लावून गेन नेहमीच्या बोलण्याला लागतो तितका ठेवावा आणि गप्प बसून ऐकावे. फुस्स असा आवाज खटकत असेल, तर ती डबी परत ठेवावी. लॅपटॉपचा चार्जर लावून आणि काढून पाहावा. चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो, डबीचा नव्हे. पक्के बिल घ्यावे आणि हमी भारतातल्या वितरकाची आहे का, ते विचारावे. बाहेरून आणलेला माल स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर कुणी दारात उभे करत नाही.

राहिलेले पैसे कुठे घालावेत?

डबीवर वाचवलेल्या पैशांतून माइकचा मजबूत स्टँड आणि जाड पडदे घ्यावेत. खोलीत सतरंजी घालावी, भिंतीशी गादी उभी करावी, कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे, म्हणजे आवाज घुमत नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. बंगळूरच्या हवेत वर्षातला बराच काळ पंखा बंद ठेवता येतो, त्याचाही फायदा घ्यावा.

जयनगरच्या नातवाने हा हिशेब मांडला, तर उत्तर सोपे आहे: माइकच्या दोन जागांची साधी डबी, दोन डायनॅमिक माइक, दोन हेडफोन आणि एक सतरंजी. बहुतेक डब्यांवर हेडफोनची जागा एकच असते, म्हणून जोडी लावायची एक छोटी वायरही घ्यावी. मग एखाद्या रविवारी दुपारी, कुकर उतरवून झाल्यावर, आधी पाच मिनिटांची चाचणी घ्यावी आणि ती ऐकून पाहावी. मुद्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

आणि नवी डबी येईपर्यंत आजींना ताटकळत ठेवू नये. मोबाइल जवळ धरून, पंखा बंद करून आजच सुरुवात करावी. डबी पुढच्या महिन्यातही मिळेल, आजींना आज आठवलेली ओवी पुढच्या महिन्यात आठवेलच असे नाही.