अख्ख्या चित्राची भाषा

इमेज प्रोसेसिंग शिकताना अ‍ॅरे भाषा, म्हणजे आकड्यांचा अख्खा तक्ता एकदम हाताळणारी भाषा, वापरा, असं म्हटलं की ठरलेले आक्षेप येतात. या भाषांतली चिन्हं वाचता येत नाहीत. या भाषा मेमरी खातात. चित्रावरची सगळी कामं त्यांत बसत नाहीत. आणि ओपनसीव्हीसारखी लायब्ररी एका ओळीत सगळं करून देते, मग हा खटाटोप कशाला? मधल्या दोन आक्षेपांत तथ्य आहे आणि ते मी मान्य करणार आहे. पहिला आक्षेप निव्वळ सवयीचा आहे. शेवटचा मात्र घातक आहे, कारण तो ऐकायला सर्वांत शहाणा वाटतो.

आधी चिन्हांचं बघू. केनेथ आयव्हर्सन यांनी हार्वर्डमध्ये शिकवत असताना ही लेखनपद्धती घडवली, ती यंत्रासाठी नव्हे तर माणसाने माणसाला पद्धत समजावून सांगावी म्हणून. १९६२ साली तिचं पुस्तक आलं आणि आयबीएमच्या यंत्रावर एपीएल ही भाषा म्हणून ती चालू लागली १९६६ मध्ये. १९७९ साली आयव्हर्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाचं त्यांचं व्याख्यानही चांगली चिन्हं विचाराला कशी हात देतात याच विषयावर होतं. आता ही चिन्हं बघा. ⌽ म्हणजे चित्र डावं-उजवं उलटवा. मधली उभी रेघ हाच आरसा. ⊖ म्हणजे वरखाली उलटवा. ⍉ म्हणजे ओळींचे स्तंभ करा, तिरक्या रेघेभोवती. चित्राचं नाव ‘पान’ धरलं तर ⌽⍉पान एवढं लिहिलं की ते घड्याळाच्या दिशेने काटकोनात फिरतं. वाचन उजवीकडून: आधी ओळींचे स्तंभ, मग आरसा. हेच काम दोन फॉर लूप लावून केलेलं मुलांच्या वह्यांमध्ये तपासा. रुंदी आणि उंची यांची अदलाबदल, शेवटच्या ओळीला एकचा फरक, हे हटकून सापडतं. अशी वीसेक चिन्हं शिकायला आठवडा लागेल. इंटिग्रलचं चिन्ह शिकायला जो विद्यार्थी सहा महिने देतो, त्याला हा आठवडा जड जाऊ नये.

खरी ताकद मात्र थोडं अवघड काम काढल्यावर दिसते. एखाद्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या मराठी पुस्तकाच्या पानाचा फोटो घ्या. ओसीआरला देण्याआधी त्यातली शाई काळी आणि कागद पांढरा करायचा आहे. समजा, बाहेरच्या समासाकडे कागदाची उजळता २१० आहे आणि फिकट पडलेली शाई ११० आहे. शिवणीजवळ पान वळतं, सावली पडते आणि तिथला कागदच ९५ वर येतो. आता १२८ ला काट मारली तर शिवणीकडचा सगळा कागद काळा होतो. ८० ला मारली तर समासाकडची अक्षरं गायब. सबंध पानाला चालेल असा एकही आकडा नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या सरासरीशी करायची: शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे गडद असेल तर शाई, नाहीतर कागद.

आसपास म्हणजे ५१ बाय ५१ ची खिडकी धरू. लूपवाला माणूस चार लूप एकात एक घालतो. पानाचे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकासाठी २,६०१ वाचनं, म्हणजे ३,१०० कोटींच्या वर. अ‍ॅरे भाषेत विचार करणारा आधी अख्ख्या पानाला विचारतो: तुझ्या चालत्या बेरजा काय? +\ ओळीतून चालती बेरीज करतं, +⍀ स्तंभातून. +\+⍀पान एवढ्यात असा तक्ता तयार होतो की त्याच्या प्रत्येक घरात त्या घराच्या वरची आणि डावीकडची सगळी बेरीज साठलेली असते. मग कुठल्याही खिडकीची बेरीज हवी असेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यातला आकडा घ्या, खिडकीच्या वरचा पट्टा वजा करा, डावीकडचा पट्टा वजा करा, आणि दोनदा वजा झालेला कोपरा परत मिळवा. चार वाचनं. खिडकी ५१ ची असो की २०१ ची, चारच. आणि हे पिक्सेलगणिक करायचंही नाही; तक्त्याच्या चार सरकवलेल्या प्रती घ्यायच्या आणि त्यांची बेरीज-वजाबाकी एकदाच मांडायची.

हा तक्ता काही एपीएलवाल्यांचा शोध नव्हे. संगणकीय चित्रकलेत तो फ्रँकलिन क्रो यांनी १९८४ साली आणला, आणि २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांच्या चेहरे शोधण्याच्या पद्धतीने त्याला घरोघरच्या कॅमेऱ्यांपर्यंत नेलं. पण लूपच्या भाषेत तो ‘युक्ती’ म्हणून पाठ करावा लागतो. अ‍ॅरे भाषेत चालती बेरीज हे रोजच्या वापरातलं एक चिन्ह आहे, त्यामुळे तक्ता हाताशीच असतो. आधी ओळी की आधी स्तंभ, याने उत्तर बदलत नाही, हेही त्या दोन चिन्हांकडे बघून कळतं. आणि आडवं व उभं काम वेगळं करता येणं हा इमेज प्रोसेसिंगमधला फार मोठा धडा आहे. मी या भाषांच्या बाजूने उभा आहे तो याच कारणासाठी. कोड आखूड होतो हा वरकड लाभ.

आता मेमरी. आक्षेप खरा आहे. तेच पान आठ बाइटच्या दशांश आकड्यांत ठेवलं की एका प्रतीला ९६ एमबी लागतात. ३ बाय ३ चं गाळण बेसावधपणे लिहून नऊ सरकवलेल्या प्रती एकदम उभ्या केल्या की ८६४ एमबी. प्रती एकेक करून बेरजेत मिळवत गेलं तर भागतं, तरी प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली ये-जा उरतेच. पण यावरचा उपाय कुठल्या दिशेने आला ते बघा. २०१२ मध्ये एमआयटीतून हॅलाइड आली, इमेज प्रोसेसिंगसाठीच बनवलेली भाषा. तिच्यात काय काढायचं हे वेगळं लिहितात आणि कुठल्या क्रमाने, किती तुकड्यांत काढायचं हे वेगळं. पहिल्या भागात लूप नाहीतच. गूगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यातली एचडीआर प्लस ही प्रक्रिया तिच्यात लिहिली. म्हणजे वेगासाठी जीव टाकणाऱ्यांनीही पद्धतीच्या मांडणीतून लूप हद्दपारच केला.

आणि जिथे बसत नाही, तिथे बसत नाही. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची पद्धत घ्या: राखाडी चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत उतरवताना प्रत्येक पिक्सेलची चूक उजवीकडे ७/१६ आणि खालच्या तिघांना ३/१६, ५/१६, १/१६ अशी वाटून द्यायची. पुढच्याचा निर्णय मागच्यावर अवलंबून, त्यामुळे इथे अख्खं चित्र एकदम हाताळता येत नाही. सरळ लूप लिहावा. एकमेकांना चिकटलेले डाग मोजायचे असले तरी तेच. पण काट मारणं, धूसर करणं, कडा शोधणं, डाग फुगवणं-झिजवणं, रंग बदलणं या रोजच्या कामांत असा मागचा-पुढचा नसतोच. अपवादावरून नियम मोडीत काढू नये.

‘नमपाय आहे ना, मग एपीएल कशाला?’ असंही विचारतात. नमपाय ही लायब्ररी अ‍ॅरे पद्धतीचीच आहे आणि ती घराघरांत पोचली याचा आनंदच आहे. पण तिथे आठ बिटांच्या चित्रात २०० आणि १०० मिळवले की ४४ येतात, कारण २५५ नंतर मोजणी शून्यापासून सुरू होते. एपीएलमध्ये ३०० च येतात. शिकणाऱ्याने सुरुवात कुठे करावी, हे एवढ्यावरून ठरवता येईल.

राहिली लायब्ररी. ओपनसीव्हीत वरचं पानाचं काम करणारी तयार आज्ञा आहे. तिला खिडकीचा आकार आणि सरासरीतून वजा करायचा आकडा द्यावा लागतो, आणि सरावाच्या उदाहरणांत ११ आणि २ असतात म्हणून मुलंही ११ आणि २ देतात. दर इंचाला ३०० ठिपक्यांनी टिपलेल्या पानावर १२ पॉइंटचा टाइप सुमारे ५० पिक्सेल उंच असतो. मजकूर ठीक उमटतो. पण प्रकरणाचं जाड मथळ्याचं अक्षर आलं की पोकळ होतं: शिरोरेखेच्या नुसत्या दोन कडा उरतात, मध्ये पांढरं. मुलं मग फोटो पुन्हा काढतात, प्रकाश बदलतात, आधी चित्र धूसर करून बघतात. ज्याने ती सरासरी स्वतःच्या हाताने दोन चालत्या बेरजांतून काढली आहे, त्याला कारण लगेच दिसतं. ११ ची खिडकी जाड रेघेच्या पोटात अख्खी मावली, सरासरीही शाईचीच निघाली, आणि शाई स्वतःपेक्षा गडद कशी ठरणार? खिडकी मथळ्याच्या रेघेहून बरीच रुंद हवी. अभ्यासक्रमात ही आज्ञा जरूर असावी. फक्त ती वापरण्याआधीचं एक प्रात्यक्षिक त्या चालत्या बेरजांना द्यावं, आणि तपासायला मथळ्याचंच पान द्यावं.