जक्कयाचा हिशेब

धर्मांतर म्हटले की आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात : ते कोणत्या आमिषाने झाले आणि किती जणांचे झाले? धर्म बदललेल्या माणसाचा पैशाशी असलेला संबंध बदलला काय, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानाला वस्तुतः त्याचीच चिंता अधिक आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. आजच्या गडचिरोलीच्या ईशान्येस असलेल्या राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता, आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात तुटली, आप्त दुरावले, लक्ष्मीबाईंशी काही वर्षांची ताटातूट झाली. ‘स्मृतिचित्रे’मुळे ही कहाणी मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. तथापि तिच्या उत्तरार्धाकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे मुक्तद्वार होते. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

१८९५ मध्ये टिळकांचा धर्म बदलला. १९१७ मध्ये त्यांच्या संसाराचा आधार बदलला. यांतील दुसरे परिवर्तन अधिक अवघड म्हटले पाहिजे. मिशनचा पगार म्हणजे काही कुबेराचे भांडार नव्हे. परंतु महिन्याच्या महिन्याला हाती पडणाऱ्या रकमेचे मोल शिक्षकांना आणि कारकुनांना निराळे सांगावयास नको.

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत दोन धनिक पाठोपाठ भेटतात. पहिला लहानपणापासून सर्व आज्ञा पाळणारा अधिकारी. आहे ते विकून गोरगरिबांना वाटून टाक, असे येशू सांगतो तेव्हा तो खिन्न होतो. दुसरा जक्कय, यरीहोचा मुख्य जकातदार. त्याच्याकडे येशू काहीच मागत नाही. केवळ त्याच्या घरी उतरतो. तेवढ्याने जक्कय आपली अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देऊ करतो आणि ज्यांना नाडले असेल त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो. व्यासपीठांवरून कौतुक होते ते त्या अर्ध्या मालमत्तेचे. चौपटीचा उल्लेख घाईने उरकला जातो. कथेचे मर्म मात्र त्या चौपटीतच आहे. दान करणाऱ्याचा हात नेहमीच वर राहतो. परतफेड करणाऱ्याला आधी स्वतःची वही उघडावी लागते.

वैराग्य महाराष्ट्राला नवे नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडल्याची कथा सर्वश्रुत आहे आणि टिळक तुकोबांचे ऋण मोकळेपणाने मानीत. तुकोबांनी लोकांकडून येणे असलेले सोडून दिले. जक्कयाने लोकांचे देणे फेडले. धनापासून पाठ फिरविण्याच्या या दोन रीती आहेत आणि दोन्ही एकमेकींना पूरक आहेत.

चांदा-गडचिरोलीच्या रानात या चर्चेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. वरोड्याजवळ १९५१ साली चौदा रुपये, सहा कुष्ठरुग्ण आणि एक लंगडी गाय घेऊन आनंदवन सुरू झाले. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते. जमीनदारीचा वारसा आणि चालती वकिली त्यांनी आपल्या वाटेने सोडली होती. त्या दशकात तेथे बांधकामाला हात लावण्यासाठी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक आले. या संस्थेचे संस्थापक पिएर सेरेझोल म्हणजे स्वित्झर्लंडच्या एका राष्ट्राध्यक्षांचे पुत्र. ख्रिस्तनिष्ठेपायी त्यांनी वडिलोपार्जित संपत्ती सोडली, लष्करी कर नाकारून तुरुंगवास पत्करला आणि १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन ते राबले. त्यांच्या माणसांनी आनंदवनात पैशाच्या थैल्या आणल्या नाहीत, विटा रचल्या.

आज या दोन जिल्ह्यांत देणग्यांना तोटा नाही. चंद्रपूरचा कोळसा, बल्लारपूरचा कागद, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांतून संपत्ती निघते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. त्यातून शाळेला रंग लागतो, रुग्णवाहिका येते आणि दोहोंवर देणाऱ्याचे नाव झळकते. रुग्णवाहिका वाईट असे कोण म्हणेल? परंतु ज्या डोंगरावर माडिया लोक आपला ठाकूरदेव पूजतात, त्या डोंगराच्या पोटातून आलेल्या पैशाचा अंश त्यांनाच ‘साहाय्य’ म्हणून देणे हा जक्कयाचा हिशेब नव्हे. त्या अधिकाऱ्याला आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळाली असती, तर बहुधा त्यानेही असाच एखादा तोडगा काढला असता.

परतफेडीची वाट कायद्यात अगदीच नाही असे नाही. २०१५ पासून खाणीचे उत्पन्न घेणाऱ्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भर घालावी लागते. हा निधी खाणबाधित गावांच्या हक्काचा आहे आणि अनुसूचित क्षेत्रातील गावांत त्याच्या योजनांना ग्रामसभेची मान्यता घ्यावी, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा कोणत्या गावाला किती रुपये मिळाले, यापेक्षा ती वही ग्रामसभेपुढे कोणी, कोणत्या भाषेत वाचून दाखविली, हे आधी विचारले पाहिजे. आणि सुरजागडच्या पायथ्याशी ती भाषा माडिया आहे.