घास अडतो कां?

मुकुंदवाडी काय, मुंबई काय, मूल जेवेनासें झालें कीं आजी गोष्टी सांगतात, काकू धाक घालतात आणि आई घास कोंबते. परंतु प्रत्येक नकार हट्टाचा नसतो. कधीं जिभेला घास फिरवितां येत नाहीं. कधीं चिकट पदार्थाचा स्पर्शच मुलास सोसवत नाहीं. हें ओळखून सराव देण्याचें काम व्यवसायोपचाराचें. या विद्येची भारतांतील पहिली शाळा कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत काढली. घरीं एवढें करावें: मुलाचे पाय टेकतील असें त्यास ताठ बसवावें, अन्न हातानें चिवडूं द्यावें, बळजबरी टाळावी. गिळतांना वारंवार ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करूं नये.