निपाणीचं स्वस्त डिझेल संपलं. आता बचत हिशोबात आणि ॲक्सिलरेटरवर

कोल्हापूरहून बेळगावला येणारा गाडीवाला अजूनही कागलला टाकी भरायचं टाळतो. कोगनोळीचा नाका ओलांडू, निपाणीकडे भरू, तिकडे स्वस्त पडतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. चार वर्षांपूर्वी ते शंभर टक्के खरं होतं. २०२५ च्या दरांत मात्र डिझेलचा फरक जवळपास नाहीसा झाला आणि पेट्रोलचा रुपया-दीड रुपयावर आला. सवय तेवढी राहिली आहे.

ही सवय लागली नोव्हेंबर २०२१ मध्ये. दिवाळीच्या तोंडावर केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवलं. कर्नाटक आणि गोव्याने त्यावर आपापला कर आणखी ७ रुपयांनी कमी केला. महाराष्ट्राने तेव्हा काहीच केलं नाही. परिणाम असा झाला, की मुंबईत पेट्रोल ११० रुपयांच्या घरात आणि बंगळूरला १०० रुपये ५८ पैसे. डिझेलमध्येही ९ रुपयांचा फरक. सीमेवरही चित्र तेच होतं. इतक्या रुपयांनी स्वस्त, असे मराठी फलक कर्नाटकातल्या पंपांवर झळकले आणि अलीकडच्या बाजूचे पंपवाले हात चोळत बसले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं, तरी अंतर पुरतं भरलं नाही.

ते भरलं कर्नाटकानेच. जून २०२४ मध्ये तिथल्या सरकारने विक्रीकर पेट्रोलवर २५.९२ वरून २९.८४ टक्के आणि डिझेलवर १४.३ वरून १८.४ टक्के केला. दोन्ही इंधनं लिटरमागे तीन-तीन रुपयांनी वाढली. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवरचा कर पुन्हा वाढून २१.१७ टक्के झाला, म्हणजे आणखी दोन रुपये. महाराष्ट्रात डिझेलवर २१ टक्के व्हॅट आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की निपाणीचं स्वस्त डिझेल कुठे गेलं ते कळतं.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत आलं असतं तर सीमेवरचा हा खेळच संपला असता. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने त्याची वेळ अजून आलेली नाही असं ठरवलं. राज्यांच्या तिजोरीला हा कर सोडवत नाही, मग सत्तेत कुणीही असो.

गोव्याची गोष्ट मात्र अजून वेगळी आहे. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता आणि लिटर एकदम ११ रुपयांनी उतरला होता. ते दिवस गेले. कर हळूहळू परत चढला. तरी २०२५ मध्ये पणजीतलं पेट्रोल बेळगाव-कोल्हापूरपेक्षा सहा-सात रुपयांनी आणि डिझेल दोन-तीन रुपयांनी कमीच होतं. बेळगावची भाजी घेऊन रोज गोव्यात उतरणारा टेम्पोवाला परतीची टाकी तिकडेच भरतो, ते शहाणपणाचं आहे. बांदा-दोडामार्गच्या माणसाने कामाला जाता-येता पलीकडे पेट्रोल घेतलं तर त्यातही काही चुकीचं नाही.

प्रश्न येतो तो मुद्दाम जाण्याचा. पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला साधारण ७ रुपयांचं पेट्रोल पिते. ३५ लिटर भरले आणि लिटरला ६ रुपये वाचले, तर हातात आले २१०. त्यासाठी दहा किलोमीटर वाट वाकडी केली, तर जाऊन-येऊन १४० रुपये रस्त्यातच गेले. उरले ७०, आणि अर्धा-पाऊण तास खर्ची पडला तो वेगळाच. बेळगावहून चोर्ल्यातून फक्त पेट्रोलसाठी उतरायचं म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. तो सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार. दुचाकीवाल्याची तर पाच लिटरला तीस रुपयांची बचत. प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल आणणाऱ्यांबद्दल काय बोलावं, ते चालतं-फिरतं जळतं लाकूडच.

ज्याचं महिन्याला पंधराशे किलोमीटर फिरणं होतं, त्याने नजर पंपावरून काढून आपल्या गाडीकडे वळवावी. पंधराच्या ॲव्हरेजने त्याला १०० लिटर लागतात. तेच सतरा झालं तर ८८ लिटर. बारा लिटर, म्हणजे बाराशे रुपयांच्या वर, दर महिन्याला. एवढं कुठलीच सीमा देत नाही.

आधी ॲव्हरेज खरं किती ते तरी कळायला हवं. मीटरवरचा आकडा अनेकदा खुशामत करतो. टाकी फुल करायची, किलोमीटर टिपायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करून किती लिटर बसले ते बघायचं. असं तीन-चार वेळा केलं की सत्य समोर येतं.

सगळ्यात मोठा चोर वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेलं की तो दीडपटीच्या वर जातो. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर. ऐंशीऐवजी शंभरने हाणली तर हिशोबाने सोळा-सतरा मिनिटं वाचतात. पण ऐंशीला सतरा देणारी गाडी शंभरला साडेचौदावर आली, तर लिटरभर पेट्रोल जादा गेलं. शंभर रुपयांना सोळा मिनिटं! शिवाय कागलच्या पुढे रुंदीकरणाच्या वळशांमध्ये ती मिनिटंही परत जातातच.

घाटात तर एक जुनी समजूत लोकांना महागात पडते. आंबोली किंवा चोर्ला उतरताना न्यूट्रल केलं की पेट्रोल वाचतं, असं अजून सांगितलं जातं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला, की संगणक इंजिनाचं इंधनच तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पावसाळ्यातल्या धुक्यात हा जुगार कशासाठी?

शहरात टिळकवाडीचं पहिलं आणि दुसरं रेल्वे गेट आहेच. गेट पडलं, गाडी जाते तोवर पाच-सात मिनिटं निम्म्याहून अधिक गाड्या धडधडत उभ्या. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला जेवढं लागतं, तेवढं पेट्रोल उभ्या गाडीत दहा-पंधरा सेकंदांतच जळतं. टायरची हवा थंड टायरवर, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठेवावी. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने नव्हे. त्यात फरक दोन-तीन टक्क्यांचाच, पण तो जवळजवळ फुकटात मिळतो. छतावरचा रिकामा कॅरिअरही उतरवलेला बरा.

सीएनजीचा सल्ला सगळेच देतात. तो कुणाला लागू पडतो हे किलोमीटरवर ठरतं. नव्या गाडीत सीएनजीसाठी ९० हजार जादा मोजले आणि किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचले असं धरलं, तर पैसे वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटर लागतात. महिन्याला पंधराशे फिरणाऱ्याचे ते सव्वादोन वर्षांत सुटतात. चारशे फिरणाऱ्याला आठ वर्षांच्या वर थांबावं लागेल, आणि तोवर डिकीही गेलेली.

एक गोष्ट मात्र चालवणाऱ्याच्या हातात नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलं होतं. १० टक्के इथेनॉलसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत घट १ ते २ टक्के. सरकार हा फरक किरकोळ मानतं. पंधराशे किलोमीटर फिरणाऱ्या जुन्या गाडीला तो महिन्याला सहा लिटर, म्हणजे सहाशे रुपये पडतो. यातलं काही इथेनॉल याच पट्ट्यातल्या उसातून निघतं. कारखान्याला ऊस घालून मोटारसायकलने परतणाऱ्या शेतकऱ्याला पंपावर मात्र त्यापोटी एका पैशाची सूट मिळत नाही, कागलला नाही आणि निपाणीलाही नाही.