ढोल ताईंचा, पोळ्या सुनेच्या



आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी मागच्या वर्षी ‘शमनिक’ साधनेचं तीन दिवसांचं शिबिर केलं. डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं व्हायचं, एका ठेक्यात ढोल वाजत राहतो, आणि मनानं पाताळात किंवा आकाशात जायचं. तिथे एखादा प्राणी भेटतो, तो आपला वाटाड्या. ताईंना हरिण भेटलं. इथवर माझी काही तक्रार नाही. पण तेव्हापासून ताई सकाळी नऊपर्यंत खोलीचं दार उघडत नाहीत. स्वयंपाकघरात ‘जड’ वाटतं म्हणून ओट्यापाशी फिरकत नाहीत. पुढे ब्लडप्रेशरची गोळीही बंद केली, कारण शरीर म्हणजे नुसतं वस्त्र! पंधरा दिवसांपूर्वी चक्कर येऊन पडल्या. उचलायला सून धावली, हाताला कणीक तशीच.

भेटायला गेले तर बायकांत चर्चा एकच, साधना आणि संसार यांचा तोल कसा सांभाळायचा? मला हा प्रश्नच पटत नाही. ताईंचा तोल छान सांभाळला जात होता की! फक्त दुसरं पारडं सुनेच्या हातात होतं.

शिबिरात त्यांना सांगितलं म्हणे, ‘शमन’ म्हणजे आपलाच ‘समण’. हा शब्द जगभर गेला तो सायबेरियातल्या एवेंकी लोकांच्या भाषेतून. त्याचं मूळ ‘समण’मध्ये आहे असं काही अभ्यासकांनी मांडलं, बाकीच्यांना ते मान्य नाही. ते काहीही असो, दोघांची वाट अगदी उलटी आहे. आपले समण घर सोडतात. घरच्यांची आज्ञा घेऊन, संघासमोर दीक्षा घेऊन, केशलोच करून निघतात, पायी विहार करतात. मग सुनेनं चहा आणून द्यावा अशी अपेक्षा राहत नाही, गोचरीत मिळेल ते घ्यायचं. एवेंकींचा शमन मात्र घर सोडतच नसे. रेनडिअर पाळायचे, शिकारीला जायचं, चार माणसांसारखं जगायचं. कुणी आजारी पडलं किंवा शिकार मिळेनाशी झाली की लोक तंबूत जमायचे, तो ढोल घ्यायचा, जायचा आणि परत येऊन काय दिसलं ते सांगायचा. जायचं दुसऱ्यासाठी, आणि परत यायचंच.

कोरियाचं उदाहरण तर आपल्यासारख्या बायकांनी मुद्दाम वाचावं. तिथे हे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच, त्यांना मुदांग किंवा मान्शिन म्हणतात. लॉरेल केंडल या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात तिथल्या खेड्यात राहून अभ्यास केला आणि 1985 मध्ये पुस्तक काढलं. त्याच्या नावातच शमन आणि गृहिणी शेजारी शेजारी आहेत. या मान्शिन मुलं वाढवतात, घर चालवतात. ‘गुत’ नावाचा त्यांचा विधी तेव्हा यजमानाच्या घरी व्हायचा आणि घरभर फिरायचा. तुळईचं दैवत, अंगणाचं दैवत, चुलीचं दैवत जोवांग, ज्याच्यासाठी घरची बाई रोज सकाळी वाटीभर ताजं पाणी ठेवायची. संडासाचंसुद्धा दैवत आहे हो! विधीच्या मधे जमलेल्या साध्या बायका मान्शिनचे कपडे अंगावर चढवून दमेपर्यंत नाचायच्या, याला ‘मुगाम’ म्हणतात. नाचून झालं की कपडे उतरवून ठेवायच्या आणि आपापल्या घरी, आपापल्या कामाला. चूल त्यांना जड वाटत नाही. वाटेल कशी, देव तिथेच बसलाय!

(या विधींत मांसाचा नैवेद्य असतो, सायबेरियात बळीही देत. ते आपल्याला चालणारं नाही, आणि तुम्ही हे करा असं मी सांगतही नाही. पण ज्याचं नाव घेऊन फी घ्यायची, त्याचं निदान खरं सांगावं.)

शिबिरात शिकवतात तो प्रकार बराचसा मायकेल हार्नर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या 1980 च्या पुस्तकावरून आलेला. अनेक जमातींच्या रीतींतून त्यांनी ठिकाण, कुळ, गाव वगळलं आणि कुणालाही करता येईल अशी पद्धत काढली. त्यांच्या पद्धतीतही शेवटी ढोलाचा ठेका बदलतो, ती परत बोलावण्याची खूण. ताईंना तो बदललेला ठेका ऐकू आला नाही, की कुणी नीट समजावलाच नाही?

आता दुसऱ्यावर बोट दाखवते आहे तर माझंही सांगते. 1994 च्या चातुर्मासात माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी तेव्हा एकामागून एक सामायिक करायचे. लोक कौतुक करायचे. खरं कारण मला ठाऊक होतं. मुहपत्ती बांधून आसनावर बसले की बेडपॅन जाऊबाईंना द्यावं लागायचं. सामायिकेचे मनाचे दहा दोष मला पाठ होते, त्यात यशोवांछा आहे, गर्व आहे. रोज म्हणायचे आणि रोज करायचे. सहा आभ्यंतर तपांत वैयावच्च ध्यानाच्या आधी येते, हेही पाठ होतं. जाऊबाई कधी काही बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाटतं.

आपली सामायिक 48 मिनिटांची. घेताना पाठ आहे, तसा पारतानाही पाठ आहे. पारल्याशिवाय उठायचं नाही, आणि पारली की उठायचं. एवढी साधी शिस्त आपल्या घरात असताना आपण अर्धवट गेलेल्या आणि अर्धवट उरलेल्या का होतो?

कुणी म्हणेल, म्हणजे बाईनं जन्मभर चुलीशीच बसायचं का? मुळीच नाही. ताईंचे मिस्टर सकाळी दोन तास पेपर वाचतात, त्यांना तोल विचारायला कुणी गेलं नाही, हे मलाही दिसतं. एक तास दार लावून बसा, शिबिराला जा. पण तो तास कुणाच्या खात्यावर नावे पडतोय ते पाहा. मी बी.कॉम. आहे, खर्च दिसला नाही म्हणजे झालाच नाही असं मला कुणी शिकवलेलं नाही. आणि डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगणारं हरिण असेल, तर ते हरिण नाही, आपलाच कंटाळा आहे.

काल ताईंचा फोन आला. गोळी सुरू झाली आहे. मी म्हटलं, “ताई, ढोल वाजवा, पण सूनबाईंना आधी विचारा, कुठली वेळ बरी पडेल.”

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, तिची सामायिक वर्षभर बंदच आहे. मला आता कळलं.”