विकतचे इंजिन आणि उद्याचा अभियंता

विद्यार्थ्यांनी शर्यतीची मोटार स्वतः घडवावी, हा 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धांचा हेतू. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली ही परंपरा भारतातही रुजली आहे. सांगाडा, सुकाणू, निलंबन यांची आखणी विद्यार्थी करतात. इंजिन मात्र बहुधा मोटारसायकलचे, विकत घेतलेले असते. गाडी स्वतःची, पण तिचे हृदय उसने!

या उसनवारीत काय हरवते? २०१३ साली बाजारात आलेल्या, चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचे इंजिन घ्या. त्याच्या पिस्टनची धाव ६० मिलिमीटर. मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या वेगात पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटर धावतो आणि तेवढ्यात ३०० वेळा थांबून उलट फिरतो. हे गणित कोणीही मांडील. परंतु तो ताण सोसणारा कनेक्टिंग रॉड किती जाड असावा, वंगणाचा थर कोठे तुटेल, सिलिंडर हेडची उष्णता कोठून बाहेर काढावी, याची उत्तरे इंजिन आखणाऱ्यालाच शोधावी लागतात.

हे विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे काय? मेलबर्न विद्यापीठाच्या चमूने या शतकाच्या प्रारंभी ४३० घनसेंटीमीटरचे, टर्बोचार्जर लावलेले दोन सिलिंडरचे इंजिन याच स्पर्धेसाठी घडवून हा प्रश्न निकालात काढला आहे.

अडचणी खऱ्या आहेत. वर्षाअखेर अनुभवी विद्यार्थी बाहेर पडतात, पैसा तोकडा असतो आणि बिघडलेले इंजिन स्पर्धाच बुडवते. म्हणून प्रारंभ एका सिलिंडरने व्हावा. गिअरबॉक्स तयार घ्यावा, सिलिंडर हेड स्वतः आखावे. दुसऱ्या चमूने क्रँकशाफ्ट हाती घ्यावा. प्रत्येक मोडतोडीची नोंद पुढच्या चमूकडे जावी. महाराष्ट्रात तर कोल्हापूरच्या फाउंड्री आणि पुण्याचा वाहनउद्योग हाकेच्या अंतरावर आहेत.

विजेवरील वाहनांच्या युगात हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. इंधन बदलेल; उष्णता, कंपन आणि धातूचा थकवा बदलणार नाहीत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा इंजिनाचे तंत्र जपानी होते. परक्याचे आराखडे वाचणारे हात आपल्याकडे होतेच. कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढणारे हात महाविद्यालयांतच घडवावे लागतील. स्पर्धेतील क्रमांक एखादे वर्ष घसरला तरी चालेल, ते धाडस घसरता कामा नये.