जोडीदाराचा स्मृतिभ्रंश आणि परवडणारा आसरा

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांचा सांभाळ अनेकदा जोडीदारच करतो, तोही उतारवयातला. रात्री दोन वाजता ‘ऑफिसला उशीर होतोय’ म्हणत दाराची कडी काढणाऱ्या नवऱ्याला आवरता आवरता बायकोची आधी झोप जाते, मग तब्येत.

बरेच वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीच्या विशेष केंद्रांचे मासिक शुल्क अनेकांच्या पेन्शनबाहेरचे असते. डायपर, औषधे, अनामत रक्कम वेगळीच. आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपासून ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात, दीर्घकाळाचा निवासी सांभाळ नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. मध्यमवर्गीय जोडपे ‘निराधार’च्या व्याख्येत बसत नाही.

केंद्र निवडताना रात्रपाळीला किती माणसे असतात ते विचारावे, न कळवता एकदा जाऊन पाहावे, सगळा खर्च लेखी घ्यावा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. जोडीदाराला केंद्रात ठेवणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. असा आसरा परवडेल अशा दरात जिल्ह्याजिल्ह्यांत उभा करणे ही शासनाचीच जबाबदारी आहे.